चहाला थांबलं की बरी होणारी पिकअप

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सकाळी साडेआठला गॅरेजचं शटर वर केलं तेव्हा ही पिकअप दारातच उभी होती. मागच्या हौद्यात रिकामे क्रेट आणि केबिनमध्ये गाडीवाले काका पाय दुमडून झोपलेले. आदल्या रात्री साखरप्याहून आंबा भरून निघाले होते. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पहाटे चारला पोचायचे ते सहा वाजून गेल्यावर पोचले. आंब्याच्या हंगामात हे दोन तास फार महाग पडतात. सौदे उरकत आले की माल तोच राहतो, पण भाव तो राहत नाही.

"मिस्त्री, गाडी पिकअप घेत नाही," काका म्हणाले. "खाली ठीक चालते हो. मुर्शी सोडली, आंबा घाट लागला की मरते."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण गाडी माझ्याकडे येण्याआधी तीन गॅरेज फिरून आली होती. त्या तिघांपैकी कुणी लबाडी केली होती असं मला वाटत नाही. प्रत्येकाने स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला, स्कॅनरने जे नाव सांगितलं तो भाग बदलला किंवा तपासला आणि गाडी दिली. स्कॅनरही खोटं बोलत नव्हता. तरीही काकांचा अर्धा हंगाम गेला. कुठे चुकलं ते समजून घ्यायचं तर कामाचा क्रम नीट मांडायला हवा.

गाडी 2018 ची, बीएस-4, चार सिलेंडरचं कॉमन रेल इंजिन (डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोझलना 'रेल' नावाच्या एकाच नळीतून मोठ्या दाबाचं डिझेल मिळतं), इंजिनात हवा कोंबणारा टर्बो आणि ती हवा गार करणारा इंटरकूलर. 1,86,000 किलोमीटर झालेले, पहिल्यापासून एकाच मालकाच्या हातात. ऑइल वेळेवर बदललेलं. असा मालक असला की निम्मं काम सोपं होतं, कारण त्याला आपली गाडी कधी, कुठे, कशी वागते हे सांगता येतं. म्हणून बॉनेट उघडायच्या आधी मी काकांना समोर बसवून चहा दिला आणि विचारत गेलो.

ओढ जाते तेव्हा इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मागे राहते, की आवाजही पडतो? "आवाजपण पडतो. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घ्यावी लागते, मग दुसऱ्यावरपण रडत चढते." म्हणजे क्लच घसरत नाही. क्लच घसरला असता तर इंजिन किंचाळलं असतं आणि गाडी जागच्या जागी राहिली असती.

मागे काळा धूर येतो? "अजिबात नाही. मागच्या गाडीवाल्यालापण विचारलं मी." हे उत्तर फार मोलाचं. डिझेल पुरेसं आणि हवा कमी असली की बहुतेक वेळा काळा धूर येतो. होज पाइप फाटलेला असो, एअर फिल्टर चोंदलेला असो, नाहीतर टर्बो ढिला पडलेला असो, धूर सहसा दिसतो. ओढ नाही आणि धूरही नाही, याचा अर्थ बहुधा डिझेलच कमी पडतंय, किंवा इंजिनाचा कॉम्प्युटर ते मुद्दाम कमी देतोय.

मग शेवटचा प्रश्न. चेक लाइट लागल्यावर चावी बंद करून लगेच चालू केली तर? काका जरा विचार करून म्हणाले, "लाइट जाते, पण गाडी ओढत नाही. बाजूला लावून चहा घेतला, दहा-पंधरा मिनिटं गेली, की मग पळते. वरपर्यंत पळते कधीकधी."

हे वाक्य मी वहीत तसंच्या तसं उतरवून घेतलं. गाडी निव्वळ कॉम्प्युटरने आवरून धरली असती तर चावी फिरवल्यावर निदान थोडा वेळ तरी मोकळी सुटायला हवी होती. इथे चावीने फरक पडत नव्हता, थांबल्याने पडत होता. थांबल्यावर काहीतरी गार होतं, किंवा काहीतरी सुटतं. या दोनपैकी काय, एवढंच शोधायचं होतं.

काकांनी सगळी बिलं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती. ती तारखेप्रमाणे टेबलावर लावली. फेब्रुवारीत पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर नवे. आठवड्याने तीच तक्रार. दुसऱ्या गॅरेजने स्कॅन केलं, 'रेल प्रेशर कमी' असा कोड आला. त्यांनी पंपावरचं मीटरिंग युनिट, म्हणजे रेलकडे किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा भाग, बदललं आणि डिझेलच्या लाइनीत हवा मारून ती साफ केली. त्यानंतर पंधरा-वीस दिवस गाडी झकास चालली. मार्चअखेर पुन्हा तेच. तिसऱ्या गॅरेजला दोन कोड मिळाले, रेल प्रेशर कमी आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, कमी. त्यांनी चारही नोझल काढून बेंचवर तपासून आणले, फिल्टरच्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले म्हणून रबरी डिझेल पाइप बदलले आणि टर्बो बदलायला सांगितला. टर्बोचा आकडा ऐकून काका तिथून निघाले होते.

त्या बिलांमधलं मधलं बिल मला खटकत राहिलं. पंधरा-वीस दिवस गाडी चांगली चालली ती कशामुळे? काकांच्या मनात त्याचं श्रेय नव्या मीटरिंग युनिटला होतं, त्या गॅरेजच्याही मनात असणार. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती. लाइनीत हवा मारली होती. एका दिवसात दोन कामं झाली आणि गुण आला, तर तो कोणत्या कामाचा हे सांगता येत नाही. बहुतेक वेळा महागड्या कामाचं नाव होतं.

जागेवरची तपासणी मी पटकन सांगतो, कारण तिच्यात फारसं काही सापडलं नाही. चाकं जॅकवर उचलून फिरवली, ब्रेक कुठे धरत नव्हता. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहिला, नावापुरती लूज, पंखा कुठे घासत नव्हता. इंटरकूलरचे पाइप आतून-बाहेरून पाहिले, क्लिपा घट्ट. चावी चालू, इंजिन बंद ठेवून बूस्ट सेन्सरचा आकडा वाचला तर 950 मिलिबारच्या आसपास. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब तेवढाच असतो, म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. हा आकडा बघायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. फुकट तपासणी आहे, आणि सेन्सर खोटा असेल तर पुढचं सगळं खोटं ठरतं.

स्टार्टिंग एका झटक्यात. काकांनीही सांगितलं, सकाळी कधी त्रास नाही. रात्रभर उभी राहून गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू होत असेल तर लाइन बाहेरून हवा घेत नसणार, हे मी बाजूला लिहून ठेवलं. मग तिसऱ्या गॅरेजला दिसलेले बुडबुडे आले कुठून?

टाकीचं झाकणही उघडून पाहिलं. झाकणातला श्वासाचा मार्ग बंद झाला की डिझेल संपत जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढणं जड जातं. झाकण उघडताना 'फुस्' आवाज येतो. इथे आला नाही. झाकण नवं कोरं, चकचकीत. ते हातात घेतलं, फुंकून पाहिलं, परत लावलं. आठ वर्षं रस्त्यावर राबलेल्या गाडीचं एवढं झाकणच नवं का, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. मी विचारला नाही, आणि त्यापायी दीड दिवस जास्त गेला.

उभ्या गाडीला रेस देऊन हे दुखणं सापडणार नाही हे उघड होतं. भार नसला की इंजिन जाळून जाळून किती जाळणार? आणि टाकीतलं डिझेलही जागच्या जागी शांत असतं. आजार घाटात होतो तर तपासणीही घाटातच हवी. शेजारच्या सिमेंटवाल्याकडून 28 पोती मागून घेतली. 50 किलोचं एक, म्हणजे 1400 किलो. पोती नीट लावून बांधली, स्कॅनर हातात घेऊन मी काकांच्या शेजारी बसलो आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. चालवायला मी मुद्दाम काकांनाच बसवलं. गाडी त्यांची, सवय त्यांची, रोज जसा पाय पडतो तसाच पडायला हवा.

पहिल्या फेरीत काहीच झालं नाही. गाडी तिसऱ्यावर सरळ वर गेली. काकांचं तोंड पडलं. डॉक्टरसमोर ताप उतरलेल्या माणसासारखं होतं ते. त्यांना म्हटलं, काका, घाई नाही, परत खाली घ्या.

दुसऱ्या फेरीला निम्म्या चढावर ती मेली.

स्कॅनरवर मी चारच आकडे लावले होते: मागितलेलं रेल प्रेशर, मिळालेलं रेल प्रेशर, बूस्ट आणि मीटरिंग युनिट किती उघडलंय ते. जास्त आकडे लावले की स्कॅनर सगळे सावकाश दाखवतो आणि नेमका क्षण हातातून निसटतो. रेकॉर्डिंग चालू होतं. गाडी मेल्यावर बाजूला लावून ते पुन्हा पुन्हा पाहिलं. कॉम्प्युटर 1400 बार मागत होता आणि 1390 मिळत होते. मग 1250. मग 1050. मीटरिंग युनिट पूर्ण उघडं, म्हणजे कॉम्प्युटरने दार सताड उघडून ठेवलंय आणि तरी आत डिझेल येत नाही. या वेळेपर्यंत बूस्ट 2150 मिलिबारवर तसाच टिकून होता. रेल 900 च्या खाली गेल्यावर, दोन-तीन सेकंदांनी, बूस्ट पडायला लागला. त्यानंतर लाइट लागली आणि कॉम्प्युटरने गाडी आवरली.

प्रकरण वळलं ते इथेच. दोन्ही कोड खरे होते, पण रेल आधी पडलं आणि बूस्ट मागून. टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या जोरावर. डिझेल कमी जळालं की त्या वायूचा जोर कमी, मग टर्बो मंद आणि बूस्ट कमी. म्हणजे बूस्टचा कोड हा रेलच्या कोडाचा परिणाम होता. टर्बो बदलला असता तर पैसे पाण्यात गेले असते. कोडांच्या यादीत हा क्रम दिसत नाही, तिथे दोन्ही शेजारी शेजारी उभे असतात. क्रम दिसतो तो चालत्या गाडीच्या आकड्यांतच.

गाडी गॅरेजला आणून चारही नोझलची रिटर्न टेस्ट घेतली. चार बाटल्या लावून प्रत्येक नोझल किती डिझेल परत सोडतो ते मोजायचं. 22, 24, 23, 26 मिलिलिटर. एकसारखे. एखादा नोझल आतून गळत असता तर त्याची बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली असती.

एक गोष्ट इथेच सांगतो. जुन्या पंपाच्या गाड्यांवर शिकलेली आमची पिढी, इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपचा नट सैल करून "कोणता मारत नाही" ते बघायची. कॉमन रेलवर हे कधीही, कुणीही करू नये. निवांत चालणाऱ्या इंजिनाच्या रेलमध्येही अडीचशे-तीनशे बार दाब असतो, भारावर तो हजाराच्या पुढे जातो. ती धार डोळ्यांना दिसतही नाही आणि कातडीतून थेट आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं वाटतं आणि आतून हात सडतो. गॅरेजातल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

आता प्रश्न उरला तो असा. पंप कमजोर आहे, की पंप उपाशी आहे? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. या गाडीच्या टाकीत विजेचा पंप नाही. टाकीच्या तळाशी जाळी, तिथून पाइप, मग हातपंपासकट फिल्टर, आणि मोठ्या पंपाच्याच पोटात बसलेला एक छोटा पंप हे सगळं ओढून घेतो. डिझेल पुढे ढकललं जात नाही, ओढलं जातं. वाट मोकळी असली की ओढायला जोर कमी लागतो. वाट अडली की जोर वाढतो, आणि तो जोर मोजता येतो.

हा ओढीचा जोर मोजणारं व्हॅक्युम गेज फार महाग मिळत नाही. तरीही पिकअपची कामं करणाऱ्या बऱ्याच गॅरेजांत ते नसतं, याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर आणि पंप यांच्या मधे टी (तीन तोंडांचा जोड) लावून, लांब नळीने गेज बॉनेटच्या फटीतून वर काढलं आणि वायपरशेजारी चिकटपट्टीने बसवलं. केबिनमधून काचेपलीकडे काटा दिसेल असं. पारदर्शक नळीचा एक तुकडाही त्याच वाटेवर टाकला.

पुन्हा सिमेंट, पुन्हा पन्हाळा. सपाटीला काटा 80 मिलिमीटर पाऱ्यावर. चढ लागल्यावर 130. पहिल्या फेरीत तिथेच राहिला. दुसऱ्या फेरीला एका वळणावर काटा 200 वर गेला, थोडा थांबला, मग 300, मग 400 च्या पुढे. काका अजून म्हणत होते, "ओढतेय, ओढतेय." गाडी मेली त्याच्या चार सेकंद आधी काट्याने सांगून टाकलं होतं. नेमकी मर्यादा ज्या त्या पंपाच्या पुस्तकात बघावी, पण माझ्या हाताखालून गेलेल्या अशा गाड्यांत भारावर काटा सतत दीडशेच्या वर राहिला तर वाट कुठेतरी अडलेली असते. चारशे म्हणजे पंप अक्षरशः गळा दाबल्यासारखा ओढत होता.

लगेच उतरून बॉनेट उघडलं. नळीत बारीक फेस दिसत होता. तिसऱ्या गॅरेजला दिसलेले बुडबुडे हेच. पण ही हवा बाहेरून आलेली नव्हती. डिझेलमध्ये थोडी हवा विरघळलेली असतेच; पंपाची ओढ फार वाढली की ती बाहेर पडते, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर फसफसतं तशी. गळका पाइप असता तर सपाटीलाही बुडबुडे दिसले असते आणि सकाळी स्टार्टिंगला त्रास झाला असता. इथे काटा तीनशेच्या वर गेल्यावरच फेस आला. रबरी पाइप बदलण्याचा खर्च एवढ्या एका फरकाने वाचला असता.

टी फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला हलवला आणि संध्याकाळी आणखी एक फेरी मारली. गाडी मेली तेव्हा काटा 380 वर. म्हणजे फिल्टर निर्दोष आणि अडथळा टाकीकडे.

खात्री करायला शेवटची परीक्षा कॅनची. गेज नसलेल्या गॅरेजलाही ही करता येते, म्हणून नीट सांगतो. वीस लिटरचा स्वच्छ कॅन डिझेलने भरून हौद्यात, केबिनच्या मागे पक्का बांधला. केबिनच्या आत कधीही ठेवू नये. फिल्टरकडे येणारा टाकीचा पाइप सोडवून बंद केला आणि कॅनमधून नवी नळी जोडली. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडला, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. रिटर्नचं डिझेल गरम येतं, म्हणून छोटा डबा घेऊ नये आणि फेरी फार लांबवू नये. टाकी आता वाटेतून बाजूला झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सलग तीन फेऱ्या मारल्या. काटा 110 च्या वर गेला नाही. गाडी तिन्ही वेळा तिसऱ्या गिअरवर काकांनी सांगितलं तशी पळाली.

काका खाली उतरले आणि टाकीकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात ते नवं झाकण आलं.

"काका, हे झाकण कधी घेतलं?"

"दिवाळीच्या आसपास. जुनं पावसाळ्यात हरवलं."

"मग मधले महिने?"

काका क्षणभर गप्प. "पिशवी बांधली होती. दुधाची जाड पिशवी असते ना, ती. वरून सुतळी. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून." आणि मग हळूच, "एकदा डिझेल पंपावर पिशवी सोडायला गेलो तर अर्धी फाटली होती. मला वाटलं उडाली."

टाकी रिकामी करून उतरवली. वरचं झाकण आणि शोषणाचा पाइप एकत्रच बाहेर येतो. तो सरळ वर काढला असता तर काहीच दिसलं नसतं, म्हणून आधी टॉर्च मारून आत पाहिलं. तळाशी थोडा काळा चिकट गाळ, चमचाभर पाणी, आणि जाळीपासून चार बोटांवर एक फडफडीत तुकडा. चिमट्याने काढून पांढऱ्या कपड्यावर पसरला. तळहातापेक्षा जरा मोठा. डिझेलने पिवळट पडलेला, कडा चुरगळलेल्या, आणि मधोमध एक गोल ठसा. ठशाच्या आत जाळीचे बारीक चौकोन उमटलेले. ती जाळी त्या तुकड्यावर किती वेळा, किती जोराने बसली असेल ते त्या चौकोनांवरून दिसत होतं. काकांनी तो ठसा बोटाने चाचपून पाहिला.

प्लॅस्टिक तळाशी कसं, असं माझ्या पोराने विचारलं, आणि त्याचं विचारणं रास्त होतं. पाण्यावर पिशवी तरंगते. पण डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला साधारण 830 ग्रॅम, आणि अशा पिशवीचं प्लॅस्टिक 920 च्या आसपास. म्हणजे ते पाण्यावर तरंगेल आणि डिझेलमध्ये बुडेल. बुडेल, पण अगदी सावकाश, फरक थोडाच असल्यामुळे. डिझेल हलेल तसं तळाशी वाहवत जाईल. सपाटीला ते टाकीच्या कुठल्या तरी कोपऱ्यात पडून राहायचं. चढ लागला की डिझेल मागे सरकायचं, त्याबरोबर तुकडाही सरकायचा, आणि जाळीजवळ आला की पंप त्याला ओढून घ्यायचा. रोज नाही, प्रत्येक चढाला नाही, म्हणून सापडत नव्हतं.

काकांना समजावताना मी शहाळ्याचं उदाहरण दिलं. शहाळ्यात नळी घालून ओढताना मलईचा तुकडा नळीच्या तोंडावर बसला की कितीही ओढा, पाणी येत नाही. जेवढं जास्त ओढाल तेवढा तो घट्ट बसतो. तोंड बाजूला केलं आणि जरा थांबलं की मलई आपोआप सुटते. "म्हणजे मी चहा प्यायचो तेव्हा मलई सुटायची," काका म्हणाले. तेच. चावी लगेच फिरवून उपयोग नव्हता, कारण ओला तुकडा जाळीला चिकटून राहायचा. सुटायला त्याला वेळ लागायचा. आणि दुसऱ्या गॅरेजने फिल्टरकडून उलटी हवा मारली तेव्हा तुकडा फेकला जाऊन लांबच्या कोपऱ्यात गेला. ते पंधरा-वीस दिवस त्या हवेचे होते.

टाकी दोनदा डिझेलने खळबळून धुतली, उन्हात कोरडी केली. जाळी शाबूत होती, तीच साफ करून बसवली. फिल्टर मात्र नवा घातला, कारण तळाचा गाळ हलला होता. काकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात काढलेलं जुनं मीटरिंग युनिटही होतं, त्यांनी टाकलं नव्हतं. मला राहवेना. ते परत बसवून, भरलेली गाडी घेऊन आणखी दोन फेऱ्या केल्या. रेल मागितलेल्या दाबापासून वीस बारही हललं नाही. जुनं युनिट चांगलंच होतं. नवं परत बसवून जुनं काकांना दिलं आणि कागदावर लिहून दिलं की हे चालू स्थितीत आहे, जपून ठेवा. खर्च झालेले पैसे त्यांना परत मिळणार नव्हते, पण आपण काय विकत घेतलं आणि काय नाही, हे कळण्याचा हक्क त्यांना होता.

शेवटच्या फेरीचे आकडे वहीत असे आहेत: सपाटीला 60, चढावर 110, सर्वांत जास्त 120. रेल 1400 मागितलं, 1390 मिळालं. बूस्ट 2150, कोड एकही नाही.

हंगामाचे तीन आठवडे उरले होते. काका एक दिवसाआड आंबा घेऊन येत राहिले, पहाटे चारच्या आधी. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मागचे ब्रेक शू बदलायला गाडी पुन्हा दारात आली. शू बदलून झाल्यावर मी गेज लावून एक चक्कर मारून आलो. हौद्यात ओल्या नारळांची पोती भरलेली होती. काटा 115 वर. टाकीच्या झाकणाला काकांनी सायकलची बारीक साखळी जोडून ती चासीला रिव्हेट मारून पक्की केली होती.